आप्पांची पेटी आणि एका सेकंदातले आठ सूर

पिंपळे गुरवात राहता म्हणजे पेटी काही तुम्हाला नवी नाही. सप्ताहात भजनाला असते, शाळेत प्रार्थनेला असते. निळू फुले रंगमंदिरात गाण्याची मैफल असली, तर गायकाच्या डाव्या हाताला एक जण पेटी घेऊन मांडी घालून बसलेला दिसतो. सगळं सभागृह गायकाकडे बघत असतं. आज आपण फक्त त्या पेटीवाल्याकडे बघायचं.

आधी तिकडे युरोपात एक चक्कर मारू. तिथला मोठा पियानोवादक मंचावर बहुधा एकटाच असतो. समोर काळा चकचकीत पियानो आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पियानो काय आणि पेटी काय, दोघांचं तोंड सारखंच: पांढऱ्या पट्ट्या, काळ्या पट्ट्या. पोटं मात्र अगदी वेगळी. इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात 1700 च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने पियानो बनवला. पट्टी दाबली की आतला छोटा हातोडा तारेवर आपटतो. आजच्या मोठ्या पियानोत 88 पट्ट्या आणि दोनशेहून जास्त तारा असतात. सगळ्या तारांचा ताण मिळून वीस टनांच्या आसपास जातो! म्हणून आत बिडाची भक्कम चौकट लागते. आणि तुम्ही पट्टी जितकी जोरात दाबाल तितका आवाज मोठा.

आता पेटीची पट्टी कितीही जोरात दाबून बघा. (घरच्यांना विचारून, आणि मोडली तर माझं नाव सांगू नका.) आवाज तेवढाच! कारण पेटीत हातोडा नाही नि तारही नाही. आत पितळेच्या पातळ जिभा असतात. पेटीवाले त्यांना ‘सूर’च म्हणतात. ‘या पेटीत जर्मन सूर आहेत,’ असं कौतुकाने सांगतात. प्रत्येक जीभ एका टोकाला पक्की बसवलेली, दुसरं टोक मोकळं, आणि खाली तिच्याच मापाची फट. पट्टी दाबली की फटीची वाट उघडते, भात्यातली हवा तिथून घुसते आणि जीभ झुलत्या दारासारखी उघडझाप करायला लागते. सा 240 चा धरला, तर एका सेकंदात 240 वेळा! हवेचे तेवढे तुकडे पडतात आणि ते आपल्याला सूर म्हणून ऐकू येतात.

हे घरी करून बघता येतं. स्टीलची फूटपट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरा आणि बाहेर आलेलं टोक टिचकीने उडवा. बाहेर जास्त पट्टी असली की आवाज जाड, कमी असली की बारीक. आता टोकाला कणकेची गोळी चिकटवा. आवाज उतरला ना? टोक जड झालं की पट्टी संथ हलते. पेटी दुरुस्त करणारे कारागीर हेच उलट करतात. सूर चढवायचा असेल तर जिभेचं टोक कानशीने किंचित घासून हलकं करतात. उतरवायचा असेल तर बुडाशी घासतात, म्हणजे जीभ लवचीक होते. घासणं जरा जास्त झालं की बिचाऱ्यांना पुन्हा दुसऱ्या बाजूने सुरुवात!

ही पेटी मुळात आपली नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांड्र दबँ याने 1842 साली हार्मोनियमचा हक्क नोंदवला. ती पायाने हवा भरून, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण जमिनीवर बसणारी माणसं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढून टाकले आणि मागे हाताने हलवायचा भाता बसवला. त्यामुळे पेटीवाल्याचा एक हात कायमचा अडकला. पियानोवाल्याची दहा बोटं वाजवतात. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर, म्हणजे लहानमोठा आवाज सगळा त्याच हातात, आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर.

इथपर्यंत सगळं छान. पण एक भांडण आहे, आणि ते गणिताचं आहे.

सा 240 असेल तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गोड गंधार (सा-रे-ग मधला ग) बरोबर 300 च्या हिशेबात बसतो. पेटीत मात्र, पियानोसारखेच, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीपासून गाणं सुरू करता येतं. या सोयीपायी गंधार 302.4 वर जातो. दोन गंधार एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज हेलकावतो. तुम्हा-आम्हाला कदाचित कळणारही नाही. तयार कानाला मात्र ते खड्यासारखं टोचतं. शिवाय गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. पेटीला पायऱ्याच आहेत, घसरगुंडी नाही!

रवींद्रनाथ टागोरांना पेटी आवडत नसे, पंडित नेहरूंनाही नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला सरळ बंदीच घातली. त्या वेळी जालन्याकडच्या जळगाव नावाच्या लहानशा गावातला (खानदेशातलं मोठं जळगाव नव्हे) एक मुलगा अठरा वर्षांचा होता. आप्पा जळगावकर. जन्म 4 एप्रिल 1922. आप्पा गाणं शिकले आणि पेटी बरीचशी आपली आपणच शिकले. देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठाने ज्या वाद्याला दार बंद केलं, तेच त्यांनी धरून ठेवलं. साथीपुरती ही बंदी सैल झाली 1971 मध्ये. तोवर आप्पा 49 वर्षांचे झाले होते!

रेडिओवर नाही, तर मैफलीत. पुण्यात आप्पांनी भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर अशा दिग्गज गायकांना साथ केली. आता खरी गंमत ऐका. भीमसेनजींची तान सुटली की एका सेकंदात आठ-आठ सूर धरा. म्हणजे एक सूर सेकंदाचा आठवा भाग, 0.125 सेकंद. आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण 0.15 सेकंद लागतात. म्हणजे आप्पांनी सूर ऐकून मग पट्टी दाबायची म्हटलं, तर तोवर गायक पुढच्या सुरावर पोचलेला! तरीही साथ गळ्याला चिकटून जायची. कशी?

मित्राला समोर बसवा. त्याने मनाला येईल तेव्हा टाळी वाजवायची आणि तुम्ही त्याच क्षणी आपली टाळी द्यायची. दर वेळी मागे पडाल. आता त्याला सारख्या अंतराने टाळ्या वाजवायला सांगा. तिसऱ्या-चौथ्या टाळीला तुम्ही बरोबर येता, कारण आता तुम्ही ऐकून वाजवत नाही, पुढचं ओळखून वाजवता. आप्पांना तर टाळी सारख्या अंतराने मिळायची नाही. त्यांना राग ठाऊक होता आणि त्या रागात हा गायक कुठून वळेल तेही. आणि जिथे मींड येई, तिथे पट्ट्यांवरून बोटं हलकेच फिरवून, भात्याचा दाब कमी-जास्त करून पायऱ्या लपवायच्या.

आप्पांना 2000 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 16 सप्टेंबर 2009 रोजी पुण्यात ते गेले. गंधाराचं भांडणही तसंच पडून राहिलं नाही. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची (श्रुती म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागा) पेटी तयार केली, त्यात नेमका हवा तो गंधार निवडता येतो. पुढच्या सप्ताहात भजन संपलं की पेटीवाल्या बुवांना विनवून झाकण उघडायला लावा आणि सगळ्यात लांब जीभ कुठल्या बाजूला आहे ते शोधा. तिला बोट मात्र लावू नका. जीभ आणि फट यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं की धुळीचा एक कण अडकला तरी तो सूर गप्प बसतो.