आशियाची वेस कोणी आखली?

नकाशावर मुंबईवर बोट ठेवा आणि सरळ वर न्या. राजस्थान, पाकिस्तानातला पंजाब, पामीरचे डोंगर ओलांडून बोट कझाकस्तानच्या गवताळ माळावर पोचलं, की जरासं डावीकडे अस्ताना लागतं. तिथल्या फुटबॉल क्लबनं २०१५ मध्ये घरच्या मैदानावर अॅटलेटिको माद्रिदला ०-० असं रोखलं. स्पर्धा होती युरोपची चॅम्पियन्स लीग! उरल नदीच्या पश्चिमेला कझाकस्तानचा थोडासा मुलूख आहे आणि तो युरोपात धरला जातो. तेवढ्या आधारावर २००२ मध्ये हा देश आशियाई फुटबॉल महासंघ सोडून युरोपच्या महासंघात गेला. २०११ चे आशियाई हिवाळी खेळ मात्र याच अस्तानात आणि अल्माटीत भरले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया फुटबॉलपुरती आशियात आली ती वेगळीच.

वेस इतकी लवचिक कशी? कारण ती मुळात जमिनीवर नाहीच. ‘आशिया’ हे नाव आपल्याला ग्रीकांकडून मिळालं. त्यांच्या लेखी ते एजियन समुद्राच्या पलीकडच्या काठाचं नाव. रोमनांचा ‘आशिया’ प्रांत म्हणजे आजच्या तुर्कस्तानची पश्चिम किनार, बस. पुढे पूर्वेकडची जसजशी माहिती होत गेली तसतसं तेच नाव ताणत पार जपानपर्यंत नेलं गेलं. जमीन एकच असताना तिला तीन नावं, तीही बायकांची, का दिली हे कळत नाही, अशी कुरकुर हिरोडोटसनं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच करून ठेवली आहे.

जुने भूगोलकार डॉन नदीला सीमा मानत. पण त्या हिशेबानं रशियाचा मोठा भाग आशियात पडायचा, आणि पीटर द ग्रेटला तर आपला देश युरोपीय म्हणून मिरवायचा होता. इथं कथेत एक स्वीडिश कैदी येतो. फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबेर्ग हा लष्करी अधिकारी १७०९ च्या पोल्ताव्हाच्या लढाईनंतर रशियनांच्या हाती लागला आणि त्याची रवानगी सायबेरियात झाली. बंदिवासातली वर्षं त्यानं प्रदेश न्याहाळण्यात आणि नकाशे काढण्यात घालवली. सुटल्यावर १७३० मध्ये त्यानं पुस्तक छापलं आणि युरोपची हद्द उरल पर्वतावर नेऊन ठेवली. ही कल्पना मीच त्याला सुचवली, असं रशियाचा इतिहासकार तातिश्चेव्ह म्हणत राहिला. श्रेय कुणाचंही असो, रेघ रशियाच्या पथ्यावर पडली आणि टिकली.

हिमालयाच्या सावलीत वाढलेल्या आपल्याला उरल पर्वत पाहून हसू येईल. त्याचं सर्वांत उंच शिखर नरोदनाया १८९५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जेमतेम अडीचशे मीटर जास्त. दक्षिणेला तर आणखी घोळ. कॉकेशस पर्वताचा माथा सीमा मानला तर ५६४२ मीटरचा एल्ब्रुस युरोपचं सर्वोच्च शिखर ठरतो. सीमा त्याच्या उत्तरेच्या सखल पट्ट्यातून नेली की तो मान माँ ब्लाँकडे जातो. गंमत अशी, की भूशास्त्राला विचारलं तर युरोप आणि आशियाचा बहुतेक भाग एकाच भूपट्टावर आहे. वेगळ्या पट्टावर बसलो आहोत ते आपण! तरीही आपण बिनतक्रार आशियाई.

माणसांचं वर्गीकरणही असंच. लंडनमध्ये ‘एशियन’ म्हटलं की भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी समोर येतात. अमेरिकेत आधी चिनी किंवा कोरियन चेहरा. भारतातून तिथं गेलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९७० च्या जनगणनेत तिथल्या भारतीयांना गोऱ्यांत मोजलं, आणि १९८० मध्ये त्यांच्यासाठी ‘एशियन इंडियन’ असा नवा रकाना आला.

खुद्द आशियाला या नावाची गरज कधी भासली नव्हती. चिन्यांना ते ठळकपणे दिसलं मातेओ रिची या इटालियन धर्मगुरूच्या १६०२ च्या जगाच्या नकाशावर. आपल्याकडे ते शाळेच्या भूगोलातून आलं. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा त्यात जंबुद्वीप येतं, भरतखंड येतं, गोदावरीचा कुठला काठ तेही येतं. आशिया येत नाही. अमेरिकेतल्या पूजेत हा पत्ता बदलावा लागतो. तिथले काही गुरुजी जंबुद्वीपाच्या जागी क्रौंचद्वीप म्हणतात.