ज्यांच्यासाठी योजना, त्यांना विचारले का?

मंडळाच्या आरोग्य शिबिराची आखणी सुरू झाली की साखर, रक्तदाब, डोळे हे विषय लगेच ठरतात. एचआयव्हीचे नाव निघाले की बैठक शांत होते. त्यातून कोणी समलिंगी पुरुषांचा उल्लेख केलाच, तर "आपल्याकडे तसे कोणी नाही" म्हणून विषय बदलतो. आम्हाला हे पटत नाही. पांढुर्णा-सौंसरची मुले शिकायला, नोकरीला नागपूर-पुण्याला जातात. इथे राहणाऱ्यांतही असे पुरुष असणारच, ते फक्त बोलत नाहीत.

हे काम कसे होते ते मुंबईत पाहायला मिळते. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभी राहिली. संस्था चालवणारे स्वतः समलिंगी होते, म्हणून बाहेरच्याला न दिसणारी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. पुरुषांशी संबंध ठेवणारे कितीतरी जण विवाहित असतात आणि स्वतःला 'गे' म्हणवत नाहीत. भिंतीवर 'समलिंगी पुरुषांनी तपासणी करावी' असा फलक लावला, तर असा माणूस तो आपल्यासाठी आहे असे समजतच नाही. म्हणूनच सरकारी कार्यक्रमातही ओळखीपेक्षा वर्तनावर भर देणारा 'एमएसएम' हा शब्द आला. माणसे कुठे भेटतात, किती वाजता, कोणत्या भाषेत बोलले तर ऐकतात, हे त्यांच्यातल्याच कार्यकर्त्याला माहीत असते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांची 'समपथिक ट्रस्ट' २००२ पासून आणि आपल्या जवळ नागपुरात 'सारथी ट्रस्ट' याच वाटेने गेली.

बँकेत आम्ही याचा वेगळा नमुना पाहिला आहे. संत्रा बागाईतदारांसाठी वरून एक कर्जयोजना आली, तिचा हप्ता ऑगस्टात! त्या वेळी ना आंबिया बहार हातात, ना मृग. एका बागाईतदाराला विचारले असते तरी तारीख बदलली असती.

विचारण्याची ही रीत जगात आता मान्य आहे. अमेरिकेत १९९० च्या रायन व्हाइट कायद्याने शहरांच्या एचआयव्ही नियोजन मंडळांवर बाधित लोकांना जागा दिली. लॅटिनो समलिंगी पुरुषांसारख्या गटांनाही त्यामुळे टेबलाशी बसून बोलता आले. आपल्याकडे २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात अशा समूहांच्या स्वतःच्या संस्थांकडे काम सोपवण्यावर भर होता.

मात्र कायदा बराच काळ आड येत होता. २००१ मध्ये लखनौला पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच कलम ३७७ लावून अटक झाली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळले, तेव्हा हा अडसर गेला. घरातला अडसर अजून आहे.

मुलाचे मन ओळखूनही "लग्न झाले की ठीक होईल" असे म्हणणारी घरे आपल्यात आहेत. लग्नाने मनाचा कल बदलत नाही. मुलगा लपून राहतो, तपासणी टाळतो, आणि ज्या मुलीला काहीच सांगितले नव्हते तिच्यापर्यंत आजार पोहोचू शकतो. त्या मुलीचे आईवडीलही आपल्यापैकीच असतात.

म्हणून पुढच्या शिबिराची आखणी करताना नागपूरच्या अशा एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याला बैठकीलाच बोलवावे, नुसते भाषणाला नव्हे. वेळ कोणती, जागा कोणती, फलकावर काय लिहायचे, हे त्याच्याकडून ऐकावे. गावातल्या कोणाचे नाव विचारू नये, अंदाजही बांधू नयेत. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कोणाची स्थिती उघड करणे हा गुन्हा ठरू शकतो.

सरकारी केंद्रात चाचणी आणि औषधे मोफत आहेत. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजणीत न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने तर कधीच लागत नाही. नाव न सांगता माहिती हवी असेल तर १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.