जखम भरली, तरी हात बधिर?

भाजलेल्या बाईची जखम सुकली, खपली पडली की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. 'झालीस ना बरी, लाग आता कामाला,' असं कुणीतरी म्हणतंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे या बायका बहुधा त्यानंतरच येतात आणि तक्रार सांगतानाही ओशाळतात. 'हाताला मुंग्या येतात', 'रात्री सुया टोचल्यासारखं होतं', 'करंगळी माझी वाटतच नाही'.

अशीच एक ताई आली होती. स्टोव्हच्या भडक्यात दोन्ही हात आणि छाती भाजलेली, दीड महिना इस्पितळात. घरी आल्यावर भाकरी करताना बोटाला चटका बसला, फोड आला, तरी तिला पत्ताच नाही. चालताना उजवी चप्पल पायातून निसटायची. सासूबाई म्हणायच्या, 'पाय कुठे भाजलाय? कामाचा कंटाळा, दुसरं काय!'

कंटाळा नव्हे, हे मज्जातंतूंचं दुखणं आहे. आपल्याला स्पर्श, ऊन-गार, वेदना कळते ती त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांमुळे. खोलवर भाजलं की ही टोकंच जळतात. म्हणून वरवरचा चटका जीव घेतो, पण खोल भाजलेली जागा कधी कधी दुखतही नाही. 'दुखत नाही म्हणजे थोडकंच भाजलंय' या समजुतीवर कधीही राहू नका. विजेचा झटका तर आणखी फसवा. वर जखम एवढीशी, आत नुकसान मोठं.

मग न भाजलेला पाय का लुळावतो? जास्त भाजलं की सगळ्या शरीराला सूज येते आणि त्याचा परिणाम दूरच्या मज्जातंतूंवरही होऊ शकतो. शिवाय आठवडेच्या आठवडे एकाच स्थितीत पडून राहिल्यावर कोपरापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ते दाबले जातात. कोपरापाशी दाबले तर करंगळी बधिर होते, गुडघ्यापाशी दाबले तर पाऊल वर उचलत नाही. चप्पल निसटते ती त्यामुळे.

मी सासूबाईंना आत बोलावलं. ताईला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांवरून कापूस फिरवला. 'कळलं का?' ती म्हणाली, 'लावा ना!' कापूस तर केव्हाचा बोटावर होता. सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'अगं, बोलली का नाहीस?' ताई हळूच म्हणाली, 'बोलले होते आई.'

मज्जातंतू पुन्हा वाढतात, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर इतक्या हळू. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पोचायला वर्षाहून जास्त लागतं. काही वेळा संवेदना पूर्ण परत येतही नाही. म्हणून वाट बघत बसू नका. मुंग्या, बधिरपणा, आग, शक्ती कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मज्जातंतूंची तपासणी करता येते. या वेदनेवरची औषधं नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा वेगळी असतात. ती मनाने घेऊ नका आणि मनाने थांबवूही नका. पाऊल पडत असेल तर स्प्लिंट मिळतो, नेमून दिलेला व्यायाम मात्र रोज हवा.

घरात एवढं पाळा. आंघोळीचं पाणी बधिर हाताने नव्हे, चांगल्या हाताने पाहा. गरम भांडं नुसत्या हाताने न धरता सांडशी वापरा. रात्री झोपताना हाताच्या बोटांवर, तळपायांवर नजर टाका, न कळलेली जखम तिथेच सापडते. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी नको.

आणि घरच्यांनो, वरून दिसत नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ती 'हात माझा वाटत नाही' म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा. तिच्या औषधोपचाराची सुरुवात तिथूनच होते.