घरीच ऑइल बदलताय? मग जुनं ऑइल कुठे जाणार?

तर मंडळी, आज जुन्या डिझेल गाडीचं ऑइल. पालेगावात मी ते पार्किंगमध्येच बदलतो. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पटकन उतरतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात शिरू नका, स्टँड हवेतच. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी ओता, मग डिपस्टिक बघत वाढवा. दोन दिवसांत काळं झालं? डिझेलची काजळी ती, घाबरू नका.

आता काढलेलं ऑइल. 2016 च्या नियमांनुसार हा घातक कचरा. अंबरनाथच्या नाल्यांतून ते वालधुनीत, पुढे उल्हास नदीत. आधीच त्या वालधुनीची काय दशा आहे, बघताय ना! झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, पण त्याच्याकडून ते रिसायकलला जातं का, हे आधी विचारा.