स्वादुपिंडाचा कर्करोग : रक्ताची चाचणी काय सांगते, काय सांगत नाही

काही महिन्यांपूर्वी आमच्या परिचयाचे एक साठीचे गृहस्थ सकाळच्या मिस्सानंतर धर्मगुरुनिवासात आले व रुग्णाभ्यंगाचा संस्कार मिळावा अशी त्यांनी विनंती केली. चालत आलेला, धडधाकट दिसणारा मनुष्य. विचारपूस केली तेव्हा त्यांनी खिशातून एका प्रयोगशाळेचा अहवाल काढला. सवलतीच्या दरातील 'संपूर्ण आरोग्य तपासणी' त्यांनी करून घेतली होती आणि तीत 'सीए १९-९' नामक एका चाचणीचा आकडा ठळक अक्षरांत छापला होता. मर्यादा ३७ ची, त्यांचा आकडा ६० च्या घरात. मुलाने मोबाईलवर शोध घेतला, स्वादुपिंडाचा कर्करोग हे शब्द वाचले आणि घरात चार दिवस चूल धड पेटली नाही. पुढे डॉक्टरांनी सोनोग्राफी व अन्य तपासण्या केल्या, तेव्हा पित्ताचे खडे निघाले. खड्यांवर उपचार झाल्यावर तो आकडाही खाली आला. या प्रसंगामुळे या विषयाची थोडी सविस्तर माहिती आमच्या वाचकांना द्यावी असे आम्हास वाटले.

या रोगाची धास्ती अकारण आहे असे मात्र नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर पोटाच्या तक्रारीमुळे फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत रुग्णालयात दाखल झाले आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्या रोगाचे निदान जून १९९५ मध्ये झाले, शस्त्रक्रिया झाली, परंतु पुढच्याच वर्षी तो यकृतात आढळला व १४ नोव्हेंबर १९९६ रोजी ते प्रभूघरी गेले. स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी होय. तिथली लहानशी गाठ हाताला लागत नाही आणि पुष्कळदा दुखतही नाही. गाठ पित्तनलिकेवर दाब देऊ लागते तेव्हा कावीळ होते. ज्यांचा रोग शस्त्रक्रियेने काढता येईल अशा अवस्थेत सापडतो, असे रुग्ण शंभरात जेमतेम पंधरा ते वीस. अमेरिकेतील आकडेवारीनुसार निदानानंतर पाच वर्षे जगणारे सुमारे १३ टक्के आहेत. रोग केवळ स्वादुपिंडापुरता असताना सापडला तर हेच प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांपर्यंत जाते. लवकर शोधण्याची धडपड चालू आहे ती या दोन आकड्यांमधील अंतरासाठी.

आणि वेळ नाही असेही नाही. पेशीत पहिला बिघाड झाल्यापासून प्रत्यक्ष कर्कपेशी तयार होण्यास किमान दहा वर्षे लागत असावीत, असे अमेरिकन संशोधकांनी २०१० मध्ये रुग्णांच्या गाठींतील जनुकीय बदलांचा हिशेब मांडून दाखविले. त्या दीर्घ काळात रक्तात काही खूण उमटते काय, हा खरा प्रश्न आहे. अशा खुणेलाच जैवसूचक किंवा बायोमार्कर म्हणतात.

सीए १९-९ हा यांतील सर्वांत जुना व अद्याप सर्वाधिक वापरला जाणारा सूचक. फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास त्याचा शोध लावला. १९-९ हा त्यांनी वापरलेल्या प्रतिपिंडाचा क्रमांक. हा सूचक म्हणजे मुळात पेशींच्या पृष्ठभागावरील एक शर्करायुक्त रेणू होय. तो केवळ कर्कपेशींचा नाही. पित्ताचे खडे, कावीळ, स्वादुपिंडाचा दाह, यकृताचे विकार यांतही तो वाढतो. उलट, लुईस नामक रक्तगटाच्या विशिष्ट प्रकारामुळे शंभरातील पाच ते दहा माणसांच्या शरीरात तो तयारच होत नाही. त्यांना रोग असला तरी अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून ज्याचे निदान झालेले आहे अशा रुग्णाचे उपचार लागू पडत आहेत काय, हे पाहण्यासाठी डॉक्टर मुख्यतः ही चाचणी वापरतात. तिथे ती खरोखर उपयोगी आहे.

निरोगी माणसांत ती का फसते? दक्षिण कोरियात कोणतीही लक्षणे नसलेल्या ७०,९४० जणांची ही चाचणी करण्यात आली व त्याचा वृत्तांत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १,०६३ जणांचा आकडा मर्यादेबाहेर निघाला. त्यांपैकी स्वादुपिंडाचा कर्करोग किती जणांना? अवघ्या चौघांना. उरलेल्या हजाराहून अधिक कुटुंबांनी ते दिवस कसे काढले असतील, हे आमच्याकडे आलेल्या गृहस्थांना विचारावे. दोष चाचणीचा जेवढा, त्याहून अधिक गणिताचा आहे. रोग दुर्मीळ असला की बऱ्यापैकी अचूक चाचणीसुद्धा खऱ्या रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक निरोगी माणसांकडे बोट दाखविते. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची या रोगासाठी तपासणी करू नये, असा सल्ला पुन्हा दिला तो याच कारणास्तव. पश्चिमेच्या तुलनेत भारतात हा रोग कमी आढळतो, तेव्हा आपल्याकडे हे गणित अधिकच प्रतिकूल ठरते.

संशोधक स्वस्थ बसलेले नाहीत. २०१५ मध्ये 'ग्लिपिकॅन-१' या प्रथिनावरून रोगी व निरोगी यांची शंभर टक्के अचूक निवड झाल्याचे प्रसिद्ध झाले, वृत्तपत्रांनी मथळे दिले. इतर प्रयोगशाळांना मात्र तसे यश मिळाले नाही. आम्ही स्वतः अशा मथळ्यांकडे आता जरा सावधपणे पाहतो. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी 'थ्रॉम्बोस्पॉन्डिन-२' हे प्रथिन सीए १९-९ च्या जोडीने मोजल्यास निदान अधिक अचूक होते, असे दाखविले. एकट्या सूचकावर न विसंबता अनेकांची सांगड घालावी, ही दिशा योग्य वाटते. दुसरी वाट रक्तात तरंगणाऱ्या कर्कपेशींच्या डीएनएची. या रोगाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत 'केआरएएस' जनुकात बिघाड असतो, पण गाठ लहान असते तेव्हा असा डीएनए रक्तात अत्यल्प मिळतो. २०२१ मधील एका अभ्यासात, साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरून, निदानापूर्वी सुमारे दोन वर्षांपासून सीए १९-९ चढू लागतो असे दिसले. म्हणजे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याच माणसाच्या आकड्याची चाल अधिक बोलकी असू शकते.

मग तपासणी कोणी करावी? ज्यांच्या जवळच्या दोन किंवा अधिक रक्ताच्या नात्यांत हा रोग झाला आहे, किंवा ज्यांच्यात 'बीआरसीए-२' सारखा जनुकीय दोष आढळला आहे, त्यांनी तज्ज्ञांकडे जावे. अमेरिकेत अशा १,४६१ जणांवर एमआरआय व एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड यांद्वारे नियमित देखरेख ठेवण्यात आली. देखरेखीखाली असताना नऊ जणांत कर्करोग सापडला आणि त्यांतील सात जणांचा पहिल्या टप्प्यात होता. दुसरा गट पन्नाशीनंतर प्रथमच मधुमेह जडलेल्यांचा. त्यांच्यापैकी शंभरात सुमारे एकास पुढील तीन वर्षांत हा रोग निघतो. शंभरात एक म्हणजे नव्याण्णव जणांना साधा मधुमेहच आहे, हे ध्यानात ठेवावे. रक्ताच्या नव्या चाचण्या प्रथम याच गटात पारखल्या जाव्यात, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे आणि तसे अभ्यास हाती घेण्यात आले आहेत. परंतु उतारवयात साखर अचानक वाढली आणि खाणेपिणे नेहमीसारखे असूनही वजन उतरू लागले, तर या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात. आपण बहुधा साखरेचे सांगतो आणि वजन घटल्याचा आनंद मानतो. डोळे पिवळे होणे, लघवी गडद व शौच पांढरट होणे, पोटातील दुखणे पाठीत जाणे, यांसाठी झाडपाल्याच्या काविळीच्या औषधात पंधरा दिवस घालवू नयेत, त्याच आठवड्यात रुग्णालय गाठावे.