'जणू' या शब्दाचे मोल

"वेड्यांच्या संगतीत राहून तुझंच डोकं फिरलं तर?" बी.ए.ला मानसशास्त्र घेतले तेव्हा शेजारच्या काकूंनी मला विचारले होते. तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. पुढे कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची हकिगत वाचली आणि काकूंच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही, हे पटले.

प्रथम एक खुलासा. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, रुग्णाशी बोलतो आणि मुख्य म्हणजे ऐकतो. सुताराचा रंधा तसे त्याचे स्वतःचे मन, आणि हत्यार म्हटले की झीज आलीच.

रॉजर्स हे शिकागो विद्यापीठातील समुपदेशन केंद्राचे प्रमुख होते. रुग्णाला आहे तसा स्वीकारावा, त्याचे जग त्याच्या नजरेने पाहावे, ही त्यांची शिकवण. १९४९ च्या सुमारास मनाने फार ढासळलेली एक स्त्री त्यांच्याकडे उपचार घेत होती. तिच्यात ते इतके गुंतले, की तिचे मन कोठे संपते व आपले कोठे सुरू होते हेच त्यांना उमजेना. माघार घेणे म्हणजे अपयश, असे मानून ते स्वतःला रेटत राहिले. अखेर एके दिवशी त्यांनी तिला केंद्रातील मनोविकारतज्ज्ञाकडे सोपवले, घरी येऊन पत्नीला सांगितले आणि तासाभरात दोघांनी गाव सोडले. दोन-तीन महिने ते बाहेरच राहिले. परतल्यावर मात्र एवढ्या नामवंत माणसाने आपल्याच एका सहकाऱ्याकडून उपचार घेतले आणि पुढे ही गोष्ट उघडपणे सांगितलीही.

असा अनुभव त्यांना एकट्यालाच आला असे नाही. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली, तळमळीने सेवा करणारी माणसेच कशी थकतात, चिडचिडी व कोरडी होतात, याचे वर्णन केले आणि त्या अवस्थेला 'बर्नआउट' हे नाव रूढ झाले.

मग उपाय कोणता? भेटीची वेळ ठरावीक असावी; घड्याळ पाहणारा उपचारक आपल्याला कोरडा वाटतो, पण ती मर्यादा दोघांनाही सावरते. अवघड रुग्णांविषयी ज्येष्ठांशी बोलावे. गरज पडल्यास स्वतःही उपचार घ्यावेत. रॉजर्सनी १९५७ साली लिहिलेल्या एका लेखात तर याचे मर्मच आले आहे. दुसऱ्याचे दुःख जणू आपलेच आहे असे अनुभवावे, परंतु त्यातला 'जणू' कधी सुटू देऊ नये, असा त्याचा आशय. बुडणाऱ्याला हात देणाऱ्याचा एक पाय काठावर हवाच.

हे केवळ मानसशास्त्रज्ञांनाच लागू आहे असे नाही. घरातल्या मनोरुग्णाची वर्षानुवर्षे सेवा करणारी आई किंवा बहीण आपण पाहतो. रुग्णाची चौकशी सारेच करतात, "तू कशी आहेस?" असे तिला कोणी विचारत नाही.

काकूंना आता मी सांगेन, डोके फिरत नाही. मन थकते मात्र. आणि थकलो, हे वेळेवर सांगण्यात कमीपणा नाही.