हुशारांचे मंडळ आणि आमची लेकरे

गेल्या महिन्यात एक समाजबांधव रात्री आमच्या घरी आले. टेंभुर्णीतलेच, हातावर पोट असलेले. थोरला मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेत चमकला, तेव्हा गुरुजींनी सांगितले की याला 'मेन्सा'च्या चाचणीला बसवा. म्हणून विचारायला आले होते. "भाऊसाहेब, हुशार लोकांचं मंडळ आहे म्हणे. आपल्या लेकराला घेतील का त्यात? अन् घेतलं तर फायदा काय?" सोबत धाकटी मुलगी होती. तिच्याकडे पाहून म्हणाले, "ही मात्र पक्की ढ." पोरीने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान आमच्या मनातून जाईना, म्हणून हा लेख.

आम्ही पडलो कारकून, मानसशास्त्राचे पंडित नव्हे. पण जे वाचले, समजले, ते सांगतो.

मेन्सा ही संस्था १९४६ साली इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे रोलंड बेरिल व लॅन्सलॉट वेअर या दोघांनी स्थापन केली. मेन्सा म्हणजे लॅटिन भाषेत टेबल. गोल टेबलाभोवती सारे सारखे, ही त्यामागची कल्पना. प्रवेशाची अट एकच. बुद्धिमापन चाचणीत शंभरांतल्या वरच्या दोघांत बसेल एवढे गुण हवेत. जात, धर्म, पदवी, बापाचा पगार काही विचारत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला हे काम रुजले. तेथील कार्यकर्त्यांनी आदिवासी भागातल्या मुलांच्याही चाचण्या घेतल्या आणि झोपडीतही कुशाग्र बुद्धी असते हे दाखवून दिले. ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

सभासद होऊन मिळते काय? व्याख्याने, कोडी, चर्चा, आणि आपल्यासारख्या जिज्ञासू माणसांची ओळख. नोकरी मिळत नाही, पदवी मिळत नाही. हे पालकांनी आधीच समजून घ्यावे.

आता चाचणीविषयी. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये थिओडोर सिमॉन यांच्यासह पहिली बुद्धिमापन चाचणी केली, ती हुशारांना मखरात बसवण्यासाठी नव्हे. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत करता यावी म्हणून. बुद्धी सरावाने वाढते, असे त्यांचे मत होते. पुढे मात्र अमेरिकेत कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली अशाच चाचण्यांवरून काही वंश उच्च, काही हीन असा निष्कर्ष काढला. १९३० मध्ये तो त्यांनाच मागे घ्यावा लागला. मोजपट्टी तीच, पण धरणाऱ्याची नजर बदलली की माप बदलते.

आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत ६४२ शाळकरी मुलग्यांना कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निम्मे तथाकथित उच्च जातीचे, निम्मे दलित. जात उघड केली नव्हती तेव्हा दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण सर्वांसमोर नाव, बापाचे नाव व जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कोडी बरीच कमी सुटली. मुले तीच, मेंदू तोच! साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसणाऱ्या भीमाची बुद्धी त्या काळी कोणी मोजली असती, तर किती भरली असती? मोजणाराच त्याला शिवायला तयार नव्हता.

आम्ही त्या बांधवाला म्हणालो, मुलाला चाचणीला खुशाल बसवा. कोडी सोडवण्याची मौज घेऊ द्या. निवडला गेला तर आनंद, नाही तर काही बिघडत नाही. मग आम्ही मुलीला जवळ घेऊन विचारले, "बाळ, शाळेत कुठं अडतं?" बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "कापूस वेचायच्या दिवसांत मी आईसंगं रानात असते. परत गेले की पुढचा धडा चालू असतो." बापाला उत्तर सुचेना. आमच्याही डोळ्यांत पाणी आले.

माता-पित्यांनो, घरातल्या एका लेकराला हुशार आणि दुसऱ्याला ढ ठरवण्याआधी दोघांना शाळेचे दिवस सारखे मिळाले का, एवढा हिशेब करा. माणसांची प्रतवारी जन्मावरून लावणाऱ्यांशी आपण पिढ्यान्‌पिढ्या झगडलो. तीच प्रतवारी आपल्या चुलीजवळ नको. ती मुलगी आता संध्याकाळी आमच्याकडे गणिताला येते.

जयभीम!